शहराचा हेलिपोर्ट आखताना: जमिनीआधी आकाश मोजा

हेलिपोर्टचा विषय महापालिकेच्या किंवा विकास प्राधिकरणाच्या बैठकीत निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जागा किती लागेल? मध्यम आकाराचं एक हेलिकॉप्टर उतरवायला ३४ मीटर बाय ३४ मीटरचा चौरस पुरतो, आणि एवढी जागा शहरात कुठे ना कुठे निघतेच. मिळत नाही ती हवा. उतरण्याच्या आणि उडण्याच्या वाटेवर तीन किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत, ठरलेल्या चढाच्या वर, एकाही इमारतीने डोकं काढता कामा नये. तेही हेलिपोर्ट चालू आहे तोवर. जमीन सातबाऱ्यावर चढते, हवा चढत नाही. म्हणून इथे क्रम असा धरला आहे: आधी हेलिकॉप्टर, मग आकाश, आणि जमीन त्यानंतर.

खालची मापं जमिनीवरच्या, सार्वजनिक, दिवस-रात्र चालणाऱ्या हेलिपोर्टची आहेत. त्यांचा पाया आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, परिशिष्ट १४ चा दुसरा खंड. भारतातले डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियमही त्याच धर्तीवर आहेत. या खंडाच्या आवृत्त्या बदलत राहतात, त्यामुळे नकाशा मंजुरीला पाठवण्याआधी प्रत्येक आकडा चालू आवृत्तीशी ताडून घ्या.

हेलिकॉप्टर ठरवा

जवळपास सगळी मापं एका आकड्यातून निघतात. त्याला ‘डी’ म्हणतात: पंखे फिरत असताना मुख्य पंख्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या मागच्या टोकापर्यंतची एकूण लांबी. उत्पादकाच्या माहितीपत्रकात धडाची लांबीही शेजारीच छापलेली असते, आणि घाईत नेमकी तीच उचलली जाते. भारतात उडणाऱ्या काही हेलिकॉप्टरांचा डी असा: एअरबस एच१२५ चा १२.९४ मीटर, डॉफिन एन३ चा १३.७३, एडब्ल्यू१३९ चा १६.६६, बेल ४१२ चा १७.१ आणि एमआय-१७२ चा २५.३५ मीटर.

आज शहरात सर्वांत जास्त कोणतं हेलिकॉप्टर येतं हे पाहून आखणी करू नका. पूर आला, मोठा दौरा आला, शेजारच्या जिल्ह्यातून रुग्ण हलवायचे झाले की सगळ्यांत मोठं येतं आणि नेमकं तेव्हाच उतरता येत नाही. शिवाय ‘आराखड्याचं हेलिकॉप्टर’ हे प्रत्यक्षातलं एकच मशीन असावं लागत नाही. सर्वांत लांब एक, सर्वांत जड दुसरं, चढायला सर्वांत सुस्त तिसरं असेल, तर तिन्हींचे वाईटात वाईट आकडे एकत्र धरायचे.

पुढचा हिशेब एडब्ल्यू१३९ धरून केला आहे: दोन इंजिनं, मुख्य पंख्याचा व्यास १३.८ मीटर, वजन ६.८ टनांपर्यंत.

आकाश मोजा

दाट वस्तीच्या शहरात हेलिकॉप्टर पहिल्या कामगिरी वर्गात उडवता आलं पाहिजे. म्हणजे उड्डाणात निर्णयबिंदूच्या आधी एक इंजिन गेलं तर परत त्याच जागी सुखरूप बसता यावं, आणि नंतर गेलं तर उरलेल्या एका इंजिनावर चढत राहता यावं. एका इंजिनावरची चढण मंद असते. म्हणून अडथळ्यांची तिरकी पातळी अगदी सपाट धरतात: ४.५ टक्के. ही पातळी हेलिपोर्टच्या कडेपासून ३,३८६ मीटरपर्यंत जाते आणि तिथे १५२ मीटर उंचीला पोचते. १२.५ टक्क्यांची तीव्र पातळीही नियमात आहे, ती १,२२० मीटरवरच १५२ मीटर गाठते. प्रस्तावात बहुतेक वेळा तीच दाखवलेली असते, कारण ती दाखवली की सगळ्या इमारती नकाशात बसतात. फरक हातानेच काढून पाहा. १,००० मीटर अंतरावर ४.५ टक्क्यांची पातळी ४५ मीटरवर असते, म्हणजे साधारण पंधरा मजले. १२.५ टक्क्यांची १२५ मीटरवर, म्हणजे चाळीस मजल्यांच्या वर. कागदावर तीव्र पातळी घेऊन जागा मंजूर करून घेतली, तर पुढे दोन इंजिनांच्या जड हेलिकॉप्टरला प्रवासी किंवा इंधन कमी करून उडावं लागतं आणि हेलिपोर्ट कायमचा लंगडा राहतो.

वाटेची रुंदीही मोजा. ती हेलिपोर्टच्या सुरक्षा पट्ट्याच्या, म्हणजे उतरण्याच्या जागेभोवती मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या, रुंदीपासून सुरू होते, आपल्या उदाहरणात ३३.४ मीटर (हिशेब पुढे आहे). तिथून दिवसाच्या उड्डाणांसाठी प्रत्येक बाजूला १० टक्के आणि रात्रीच्या उड्डाणांसाठी १५ टक्के फाकत जाते. रात्रीची वाट पंख्याच्या व्यासाच्या दहापट, म्हणजे १३८ मीटर झाली की फाकणं थांबतं. आपल्या हिशेबात साधारण ३५० मीटरवर. पुढे तेवढ्याच रुंदीने सरळ जाते.

अशा वाटा किमान दोन हव्यात, आणि त्यांच्यात किमान १३५ अंशांचा कोन हवा. कारण वारा. पाठीमागून वारा घेऊन, कमी वेगात, झपाट्याने खाली येणारं हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत सापडतं; पंखा फिरत असतो पण उचल संपते, आणि जोर वाढवला तर ते आणखी वेगाने खाली बसतं. वैमानिक याला व्होर्टेक्स रिंग म्हणतात. एकच वाट असलेला हेलिपोर्ट वैमानिकाला वारा उलटला की याच कोपऱ्यात ढकलतो. तेव्हा जवळच्या हवामान केंद्राकडून निदान एका वर्षाची तासागणिक वाऱ्याची नोंद मागवा आणि ती तासांप्रमाणे व ऋतूंप्रमाणे वेगळी करा. वर्षाची सरासरी दिशा इथे काही सांगत नाही. मुंबईत दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा असतो आणि हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीवरून उलटा येतो. दोघांची सरासरी काढली तर जो वारा कधी वाहतच नाही तो हाती लागतो.

मग अडथळे. वाटेच्या आत आणि दोन्ही कडांना आणखी थोडं पुढे जाऊन प्रत्येक उंच वस्तूची जागा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्या. गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइल मनोरा आणि वीजवाहक दांडी धरूनच उंची मोजायची. मजल्यांवरून अंदाज केला की हेच राहून जातं. झाडांची आजची उंची लिहू नका, त्या जातीची पूर्ण वाढ लिहा. उच्च दाबाच्या तारा सगळ्यांत घातक, कारण हवेतून खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. वाटेखाली तारा येत असतील तर त्या भूमिगत करण्याचा खर्च प्रकल्पातच धरा.

आणि क्रेन. बांधकामाची क्रेन इमारतीच्या मंजूर उंचीपेक्षा वर जाते आणि कोणत्याही विकास आराखड्यात नसते. १६ जानेवारी २०१३ ला लंडनमध्ये एक एडब्ल्यू१०९ हेलिकॉप्टर खराब हवामानामुळे बॅटरसीच्या हेलिपोर्टकडे वळवलं जात होतं. धुक्यात ते व्हॉक्सहॉलजवळच्या एका टोलेजंग इमारतीच्या क्रेनला धडकलं. वैमानिक आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. ही क्रेन अचानक उगवलेली नव्हती, तिची माहिती वैमानिकांसाठी प्रसिद्धही झालेली होती. तेव्हा कागदावरच्या सूचनेवर विसंबू नका: बांधकाम परवान्यातच क्रेनची कमाल उंची आणि तिच्यावरचे दिवे ही अट घाला, आणि वाट विकास आराखड्यात रंगवून घ्या. उंचीचा ना-हरकत दाखला विमानतळ प्राधिकरणाकडून मिळतो, पण ती फाइल सुरू होते महापालिकेच्या इमारत परवानगी खात्यात. नकाशा त्या टेबलावर नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

शहरांनी हेलिपोर्ट पाण्याच्या काठी का नेले, हे यावरून उलगडतं. बॅटरसीचा हेलिपोर्ट १९५९ पासून थेम्सच्या काठावर आहे, न्यूयॉर्कचा डाउनटाउन मॅनहॅटन ईस्ट रिव्हरच्या धक्क्यावर. नदीवर कोणी मजले चढवत नाही. जुहूलाही पश्चिमेला समुद्र लाभला, म्हणून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरं उडाल्यावर लगेच पाण्यावर जाऊ शकतात. पण जुहूचा दुसरा धडा विसरू नका: सांताक्रूझचा मोठा विमानतळ इतका जवळ आहे की १९५३ मध्ये एक कॉमेट आणि १९७२ मध्ये एक डीसी-८ हे प्रवासी जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. मोठ्या विमानतळाच्या सावलीत हेलिपोर्ट आखत असाल, तर त्यांच्या हवाई नियंत्रणाशी वाटांची उंची आणि संपर्काची पद्धत लेखी ठरल्याशिवाय जमिनीचा पैसा भरू नका. दिल्लीत रोहिणीचा हेलिपोर्ट २८ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झाला तो नेमका इंदिरा गांधी विमानतळावरचा हेलिकॉप्टरांचा भार बाजूला काढण्यासाठी.

जमीन

जिथे हेलिकॉप्टर उतरायला येतं आणि जिथून उड्डाण सुरू करतं त्या क्षेत्राला फॅटो म्हणतात. त्याची बाजू किमान दीड डी धरा: १६.६६ च्या दीडपट, २५ मीटर. पहिल्या कामगिरी वर्गासाठी मात्र हेलिकॉप्टरच्या उड्डाणपुस्तिकेत सोडून दिलेल्या उड्डाणाचं अंतर, म्हणजे उड्डाण मध्येच रद्द करून परत बसायला लागणारं अंतर, दिलेलं असतं आणि ते २५ मीटरपेक्षा कितीतरी मोठं असू शकतं. दोन्हींतलं मोठं घ्यायचं. हे अंतर वजन, तापमान आणि उंचीप्रमाणे बदलतं. पुस्तिकेतला तक्ता १५ अंशांच्या रकान्यात वाचू नका, तुमच्या शहराच्या मे महिन्यातल्या दुपारच्या रकान्यात वाचा.

फॅटोभोवती सुरक्षा पट्टा: ३ मीटर किंवा पाव डी, जे मोठं असेल ते. पाव डी म्हणजे ४.२ मीटर. दोन्ही बाजू धरून २५ अधिक ८.४, असा तो ३३.४ चा चौरस झाला. या पट्ट्यात दिवे सोडून काही नको, आणि दिवेही २५ सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत.

फॅटोच्या आत प्रत्यक्ष चाकं टेकण्याची पक्की जागा असते, तिला टीलॉफ म्हणतात. ०.८३ डी, म्हणजे १३.८३ मीटर हे किमान, पण काँक्रीट पूर्ण एक डी करा. फरकाचा खर्च किरकोळ आहे आणि वैमानिकाला रात्री फार मोठा आधार मिळतो. जमिनीवरच्या हेलिपोर्टला नऊ टनांपर्यंतच्या हेलिकॉप्टरसाठी १५० मिलिमीटरचं चांगलं काँक्रीट सर्वसाधारणपणे पुरतं. भार मोजताना वजनाच्या दीडपट धक्का धरा: ६.८ चे १०.२ टन, तेही मुख्य चाकांच्या छोट्या ठशांवर. डांबर टाळा. उन्हाळ्यात ते मऊ होतं, उभ्या हेलिकॉप्टरची चाकं रुततात आणि सांडलेलं इंधन त्याला विरघळवतं. उतार २ टक्क्यांच्या आत, पण अर्ध्या टक्क्याच्या खाली नको, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून राहतं. हा उतार प्रवाशांच्या इमारतीकडे जाऊ नये: इंधन गळलं तर तेही पाण्याच्याच वाटेने जातं. पृष्ठभाग गुळगुळीत न घोटता खराट्याने ओढून खरखरीत ठेवा.

हेलिकॉप्टर उभं करण्याच्या जागा मोजताना सर्वांत जास्त चुका होतात, कारण वाहनतळासारखे चौकोन आखले जातात. हेलिकॉप्टर जागच्या जागी वळत असेल तर उभं राहण्याचं वर्तुळ १.२ डी, आणि भोवतालचा राखीव भाग धरून २ डी, म्हणजे ३३ मीटर व्यास लागतो. चाकांचं हेलिकॉप्टर जमिनीवरून सरकतं, तेव्हा त्याच्या वाटेला पंख्याच्या दीडपट रुंदी पुरते. एच१२५ सारख्या स्किडवाल्याला, म्हणजे चाकांऐवजी दांड्यांवर बसणाऱ्याला, हवेत तरंगतच जावं लागतं, त्याला दुप्पट रुंदी. रोहिणीला साधारण २५ एकर लागले ते उतरण्यासाठी नव्हे. १५० प्रवाशांची इमारत, १६ हेलिकॉप्टरांचे हँगर आणि ९ उभ्या जागांनी ती जमीन भरली.

खाली येणारा वारा

नियमातली सगळी मापं पाळूनही माणूस दगावू शकतो, म्हणून हे वेगळं लिहिलं आहे. ४ मार्च २०२२ ला इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात तटरक्षक दलाचं एस-९२ उतरत होतं. हेलिपॅडच्या बाहेर, शेजारच्या वाहनतळात, पंख्याच्या वाऱ्याने एक वृद्ध महिला फेकली गेली आणि मरण पावली. सुरक्षा पट्टा हेलिकॉप्टरला अडथळ्यांपासून वाचवतो. पादचाऱ्याला वाऱ्यापासून वाचवायला तो पुरत नाही. हेलिकॉप्टर जितकं जड, तितका हा वारा जोरकस.

उपाय सरळ आहेत. फॅटोच्या कडेपासून पंख्याच्या व्यासाच्या निदान दोन-तीनपट अंतरात, आपल्या उदाहरणात २८ ते ४१ मीटर, फुटपाथ, रिक्षा थांबा, टपऱ्या, वाहनतळ काहीही ठेवू नका. एमआय-१७२ सारखं मशीन येणार असेल तर त्याहून जास्त. वाटेच्या सुरुवातीखाली, जिथे हेलिकॉप्टर अजून खालीच असतं, तिथेही हाच नियम. सुटी खडी, पत्रे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताडपत्र्या, बांधकामाची वाळू यातलं काही दिसलं की आधी उचला, मग हेलिकॉप्टर बोलवा. वर उडालेली पिशवी इंजिनाच्या तोंडाशी किंवा शेपटीच्या पंख्यात जाते. कच्ची जमीन असेल तर गवत रुजवून आखूड कापा. नुसतं पाणी शिंपडलं तर मेमध्ये पंधरा-वीस मिनिटांत ते वाळतं.

खुणा, दिवे, वाऱ्याचा मोजा

मध्यभागी पांढरा इंग्रजी ‘एच’: ३ मीटर उंच, १.८ मीटर रुंद, रेघ ४० सेंटिमीटर. रुग्णालयाचा हेलिपोर्ट असेल तर पांढऱ्या क्रॉसवर लाल. टीलॉफच्या कडेने ३० सेंटिमीटरची सलग पांढरी रेघ. चाकं कुठे बसवायची हे दाखवणारं पिवळं वर्तुळ अर्धा मीटर जाड, आतला व्यास अर्धा डी, म्हणजे ८.३ मीटर, वैमानिकाचं आसन या रेषेवर आलं की बाकी हेलिकॉप्टर आपोआप सुरक्षित जागेत बसतं. कमाल वजनही रंगवा, टनांत आणि खाली पूर्णांक करून. ६.८ चं ७ लिहिणं ही लहान चूक नाही.

टीलॉफच्या कडेचे दिवे हिरवे, ५ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत, फॅटोचे पांढरे. एलईडी घेताना एक प्रश्न पुरवठादाराला लेखी विचारा: रात्रदृष्टी चष्म्यातून हे दिवे दिसतात का? काही एलईडी उघड्या डोळ्याला लख्ख दिसतात आणि चष्म्यातून अजिबात दिसत नाहीत. बचावकार्याला येणारा वैमानिक तोच चष्मा लावून असतो.

वाऱ्याचा मोजा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, २.४ मीटर लांब, तोंड ६० सेंटिमीटर, शेपटी ३० सेंटिमीटर. तो इमारतीच्या आडोशाला लावला की इमारतीमागे गरगरणारा वारा दाखवतो, खरा नव्हे. दोन्ही वाटांवरून दिसेल अशा मोकळ्या जागी, सुरक्षा पट्ट्याबाहेर उभा करा आणि रात्री त्यावर प्रकाश हवा. कोकणपट्टीत बेअरिंग गंजून मोजा एका दिशेला अडकून बसतो. असा अडकलेला मोजा नसलेल्या मोज्यापेक्षा वाईट, कारण वैमानिक त्यावर विश्वास ठेवतो. पावसाळ्यात दर आठवड्याला हाताने फिरवून पाहा.

आग

डी १५ ते २४ मीटरमध्ये असेल तर हेलिपोर्ट एच२ गटात. रुळलेलं प्रमाण: बी दर्जाच्या आग विझवणाऱ्या फेसासाठी १,००० लिटर पाणी, मिनिटाला ५०० लिटर फवारा, जोडीला ४५ किलो कोरडी पावडर. एमआय-१७२ धरलं तर एच३: १,६०० लिटर, मिनिटाला ८००, पावडर ९० किलो. पहिला फवारा दोन मिनिटांत सुरू व्हायला हवा, तेव्हा ‘अग्निशमन केंद्र जवळच आहे’ हे उत्तर चालत नाही. बंब आवारातच हवा. बचावपेटीत ६० सेंटिमीटरचा बोल्ट कटर, १०५ सेंटिमीटरची पहार, पट्टे कापायचा सुरा, लोखंड कापायची करवत, दोर, अग्निरोधक ब्लँकेट आणि हातमोजे. सुरा गंजलेला आणि पेटीची किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात, हे तपासणीत वारंवार सापडतं. पेटीला कुलूप लावू नका.

गच्चीवरच्या हेलिपोर्टला त्याच एच२ गटात पाणी पाचपट लागतं, ५,००० लिटर, कारण तिथे दुसरी कुमक वर पोचायला वेळ लागतो. सार्वजनिक प्रवासी वाहतुकीसाठी गच्ची निवडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. १६ मे १९७७ ला न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर उभ्या एस-६१ हेलिकॉप्टरचा चाकांचा एक पाय मोडला, फिरता पंखा कोसळला. गच्चीवर चार माणसं गेली आणि खाली रस्त्यावर आणखी एक. तो हेलिपोर्ट पुन्हा उघडला नाही.

प्रवासी

प्रत्येक प्रवाशाचं आणि प्रत्येक पिशवीचं, हातातल्या पर्ससकट, वजन काट्यावर घ्या. विचारून लिहिलेलं वजन नेहमी कमी असतं. प्रवाशांना समोरून किंवा बाजूने, वैमानिकाच्या नजरेसमोरूनच न्यायचं. शेपटीकडे कोणीही, कधीही जाणार नाही. उतारावर उभ्या हेलिकॉप्टरकडे चढाच्या बाजूने गेलं तर पंखा डोक्याशी येतो, म्हणून नेहमी खालच्या बाजूने. टोपी, ओढणी, उपरणं, सुटा पदर आधीच आवरायला सांगा. छत्री किंवा लांब पिशवी आडवी, कमरेखाली धरायची. पंखा थांबत आला की टोकं खाली झुकतात. इंजिन बंद झालं म्हणजे जवळ जायला हरकत नाही, असं वाटतं त्याच क्षणी ती टोकं डोक्याच्या उंचीला असू शकतात.

शेजारी आणि रोजची पाहणी

आवाजाचा करार उद्घाटनाआधी करा. बॅटरसीवर वर्षाला १२,००० उड्डाणं-उतरणींची मर्यादा आहे. मॅनहॅटनमध्ये रहिवाशांच्या तक्रारींनंतर २०१६ च्या करारानुसार पर्यटन फेऱ्या निम्म्यावर आल्या आणि रविवारी पूर्ण बंद झाल्या. गुंतवणूक झाल्यावर आलेली मर्यादा चालकाला बुडवते, आधी ठरलेली तो हिशेबात धरतो. वेळा, फेऱ्यांची संख्या आणि वाटा आधीच जाहीर करा, आणि रुग्णसेवेच्या उड्डाणांना त्यातून वगळा.

रोज पहिल्या उड्डाणाआधी एक माणूस पूर्ण आवार चालत फिरतो: सुटे दगड, फुटलेलं काँक्रीट, बंद दिवे, मोजा, पेटी, बंब. इंधनाच्या टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढतो. पाणी किंवा गाळ दिसला तर नितळ येईपर्यंत काढत राहतो आणि तोवर इंधन देत नाही. घारी घिरट्या घालत असतील तर खाली कचरा किंवा मासळी-मटणाची घाण कुठे पडते ते शोधून पालिकेला कळवतो; विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत अशी घाण टाकायला कायद्यानेच मनाई आहे. संक्रांतीच्या आधीपासून पतंगांवर नजर. शेवटी दोन्ही वाटांच्या दिशेने दुर्बिणीतून क्षितिज पाहायचं. काल नव्हती अशी क्रेन दिसली तर तिची दिशा आणि अंदाजे उंची नोंदवहीत, त्याच मिनिटाला फोन हवाई नियंत्रणाला आणि वैमानिकांसाठीची सूचना त्याच दिवशी. उंची मोजून होईपर्यंत ती वाट बंद.